जाण्याआधी चोवीस अक्षरं

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे, आणि निमित्त जरा गमतीचं आहे.

आमच्या सकाळच्या फिरायच्या कंपूतली सहाजणं येत्या एप्रिलात कोरियाला निघाली आहेत. सगळी साठीच्या पुढची. चेरीचा बहर, सोलमधला तो डोंगरावरचा मनोरा, नामी बेट, जेजू बेट, सरहद्दीवर जाऊन उत्तर कोरियाकडे दुर्बिणीतून बघणं, असा आठ दिवसांचा भरगच्च कार्यक्रम त्यांच्या हातात आहे. मी २०२३ मध्ये जाऊन आलेली, म्हणून सल्ला विचारायला माझ्याकडे आली. स्वेटर किती न्यायचे? जेवणाचं काय? थेपले किती दिवस टिकतील? मी म्हटलं, स्वेटर दोन न्या, थेपले चार दिवसांचे न्या, आणि हे पाठ करून जा. असं म्हणून एक कागद त्यांच्या हातात दिला. कागदावर कोरियन लिपीची चोवीस अक्षरं होती, शेजारी मराठी उच्चार.

सगळे हसले. एकजण म्हणाले, "बाई, आता या वयात पुन्हा पहिलीत बसवता का?" दुसऱ्या म्हणाल्या, "अहो, मोबाइल समोर धरला की सगळं इंग्रजीत दिसतं हो!" मी तेव्हा गप्प बसले. मला भांडण सुचतं ते घरी आल्यावर, आणि ते असं लिहूनच जमतं. तर माझं म्हणणं एवढंच आहे: कोरियाला जाणाऱ्या परक्या माणसाने विमानात बसण्याआधी ती चोवीस अक्षरं शिकावीत. तिथे बघण्यासारखं जे आहे, त्यातलं सर्वांत मोलाचं हेच आहे आणि त्याला तिकीट नाही.

आता हे ज्ञान मला कुठून आलं ते सांगते. ते सांगताना थोडी माझीच लाज निघणार आहे.

मी सातारा जिल्ह्यात बत्तीस वर्षं मराठी शिकवलं. मराठी माध्यमातून बी.ए. झाले, मराठी माध्यमातच नोकरी केली. आणि माझी सख्खी नात इंग्रजी माध्यमात शिकली. लेकीने विचारलं होतं, "आई, कुठे घालू हिला?" मी विरोध केला नाही. आमच्याच शाळेचे वर्ग एकेक करून ओस पडताना पाहत होते. कोणत्या तोंडाने सांगणार होते? घरी मी शिकवीन की मराठी, असं म्हणाले. मग नात सात वर्षांची असताना तिने माझ्या वाढदिवसाला मराठीत चिठ्ठी लिहिली. चार ओळींची. मी ती वाचली, कौतुक केलं, आणि सवयीने लाल पेन घेऊन ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून तिला परत दिली. वाढदिवसाची चिठ्ठी! पुढच्या वर्षी चिठ्ठी इंग्रजीत आली.

हे मी विसरून गेले होते. ती विसरली नव्हती.

चौदाव्या वर्षी तिला त्या कोरियन गाण्यांचं आणि मालिकांचं वेड लागलं. दिवसभर कानात वायरी. मला वाटलं, खूळ आहे, जाईल. एक दिवस बघते तर कालनिर्णयाच्या जुन्या पानामागे काहीतरी काटकोन, चौकोन आणि गोल काढत बसली होती. म्हटलं, भूमिती का? म्हणाली, "नाही आजी, हंगुल." पंधरा दिवसांत ती ते वाचायला लागली. कोणी सांगितलं नाही, परीक्षा नाही, मार्क नाहीत. आणि मराठी? ते 'दिव्य' वाचताना 'दि... व... य' करायची. खोटं कशाला बोलू, मला हेवा वाटला. राग आला म्हटलं तरी चालेल.

मग मी शिक्षिकेला शोभेल असंच वागले. म्हटलं, मला शिकव. बघू काय एवढं आहे त्यात.

आणि मंडळी, त्यात खरंच आहे! आपण शाळेत मुलांना कंठ्य, तालव्य, दंत्य, ओष्ठ्य शिकवतो. 'क' म्हणताना घसा, 'त' म्हणताना दात, 'प' म्हणताना ओठ. जगात अशी शास्त्रशुद्ध वर्णमाला फार थोडी आहे, असं मी वर्गात छाती फुगवून सांगायची. पण 'क'चं चित्र 'क'सारखं का, याचं उत्तर माझ्याकडे नसायचं. एका पोराने विचारलं होतं एकदा. त्याला मी खाली बसवलं होतं. कोरियन लिपीत या प्रश्नाचं उत्तर अक्षरातच आहे. त्यांचा 'ग' म्हणजे एक काटकोन. वर आडवी रेघ, उजव्या टोकाला खाली वळलेली. 'ग' म्हणताना जिभेचा मागचा भाग वर उचलला जातो, त्याची ती बाजूने काढलेली आकृती. 'न' म्हणजे उभी रेघ खाली येऊन उजवीकडे वळते: जिभेचं टोक वर दातांच्या मुळाशी टेकलं आहे. 'म' म्हणजे चौकोन, तोंडाचा. 'स' म्हणजे दात, दिसतो मात्र घराच्या छपरासारखा. आणि घशातून येणाऱ्या ध्वनीला गोल, घशाचं भोक.

पुढे तर आणखी गंमत. 'न'वर एक रेघ वाढवली की 'द', त्यात आणखी एक रेघ की 'थ'. 'ग'मध्ये एक रेघ वाढवली की 'ख'. म्हणजे श्वासाचा जोर वाढला की रेघ वाढते. (इंग्रज माणसाला 'क' आणि 'ख' वेगळे काढताना घाम फुटतो म्हणे. आपल्याला जन्मतः येतात. त्यांचा 'फ'सुद्धा आपल्या फळातला, फॅनमधला नव्हे.) स्वरांना तीनच वस्तू: ठिपका म्हणजे आकाश, आडवी रेघ म्हणजे पृथ्वी, उभी रेघ म्हणजे माणूस. ठिपक्याची आता छोटी रेघ झाली आहे. ती उभ्या रेघेच्या उजवीकडे दिली की 'आ', आडव्या रेघेच्या वर दिली की 'ओ', खाली दिली की 'ऊ'. एकाच्या जागी दोन दिल्या की 'या', 'यो', 'यू'. आणि हे सगळं आपल्या जोडाक्षरासारखं एका चौकटीत रचायचं, एक चौकट म्हणजे एक अवयव. चौदा व्यंजनं, दहा स्वर, संपलं. मला बारा दिवस लागले. नातीला सांगू नका, तिला मी आठ सांगितले आहेत.

ही लिपी राजाने केली. सेजोंग त्याचं नाव. १४४३ साली अक्षरं तयार झाली आणि १४४६ साली जाहीर झाली. तेव्हा अठ्ठावीस होती, पुढे चार गळली. त्याआधी कोरियन माणूस लिहायचा ते चिनी अक्षरांत, म्हणजे ज्याच्याकडे वर्षानुवर्षं शिकायला वेळ आणि पैसा तोच लिहायचा. अडाणी माणसाला आपलं म्हणणं लिहून मांडता यावं म्हणून आपण हे करतो आहोत, अशा अर्थाचं राजाने स्वतःच लिहून ठेवलं आहे. हुशार माणसाला ही अक्षरं एका सकाळीत येतील आणि मंदाला दहा दिवसांत, असा दावाही त्या वेळच्या ग्रंथात आहे. माझे बारा झाले. असो.

पण मला या कथेत राजापेक्षा जास्त कोण आठवतो, तर त्याचा विरोधक. छ्वे मान-री नावाचा दरबारातला मोठा विद्वान होता. त्याने आणि त्याच्या साथीदारांनी १४४४ साली राजाकडे रीतसर निवेदन दिलं, की हे करू नका. त्याचा मुद्दा काय होता? चिनी अक्षरं ही सभ्य जगाची अक्षरं आहेत. स्वतःची वेगळी लिपी मंगोल, जपानी, तिबेटी असल्या रानटी लोकांकडे असते. आपण ती केली तर आपण त्यांच्या पंगतीत जाऊन बसू. शिवाय सोपं शिकून नोकरी मिळायला लागली तर अवघड विद्या कोण शिकेल?

मी हे वाचलं आणि डोळ्यांसमोर आमची पालकसभा आली. 'बाई, मराठीत शिकून पोरगं जगात कुठे उभं राहणार?' शब्द वेगळे, माणूस तोच. आणि खरं सांगायचं तर तो मूर्ख नव्हता, छ्वे मान-री. तो काळजी करत होता. मीही काळजीनेच गप्प बसले होते.

पुढची साडेचारशे वर्षं त्याचंच चाललं म्हणा ना. राजाची लिपी बायकांची, हलक्या लोकांची म्हणून हिणवली गेली. सरकारी कागदावर यायला तिला १८९४ उजाडावं लागलं.

तर अशी तयारी करून आम्ही तिघी, म्हणजे लेक, नात आणि मी, २०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत भाऊबीज उरकून निघालो. अठरा नोव्हेंबरला सोलला उतरलो. दोनच दिवसांपूर्वी तिथे बारावीनंतरची प्रवेशपरीक्षा झाली होती. त्यातला इंग्रजीचा ऐकण्याचा भाग चालू असतो तेव्हा अर्धा तास देशभर विमानं उतरवत नाहीत, आवाज नको म्हणून. शिक्षिका म्हणून मला आधी कौतुक वाटलं, मग त्या पोरांची दया आली. म्हणजे इंग्रजीचं भूत त्यांच्याही मानेवर आहेच. नव्या कॅफेंच्या काचांवर नुसती इंग्रजी अक्षरं मिरवणारे तिथेही दिसतात. कोरिया म्हणजे भाषेचा स्वर्ग, असं काही मी सांगत नाही.

आता मोबाइलचा मुद्दा. लेकीचाही तोच होता. आणि तो बरोबर आहे, भुयारी रेल्वेच्या पाट्यांवर रोमन अक्षरं असतात, स्टेशनांना आकडे असतात, कोणी हरवत नाही. पण दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी थंडीने लेकीचा फोन मान टाकून बसला. नातीचा आधीच संपला होता, दिवसभर फोटो काढून. माझ्याकडचा साधा. पोटात कावळे ओरडत होते आणि आम्ही एका गल्लीत होतो. समोर चार टेबलांची खानावळ. यादी भिंतीवर, नुसती अक्षरं, चित्रं नाहीत.

मी वाचायला लागले. मोठ्याने, बोट दाखवून, पहिलीतल्या मुलासारखी. "बी... बिम... बाप." भाताला ते 'बाप' लिहितात. म्हणतात 'प' आणि 'ब'च्या मधलं काहीतरी. आणि पाण्याला 'मुल'. म्हणजे कोरियन जेवणात बाप आणि मूल दोन्ही लागतात! मी हसायला लागले, नात हसायला लागली. गल्ल्यावरची बाई माझ्याच वयाची असेल. सुती साडीवर दोन स्वेटर आणि कानटोपी घातलेली ही कोण बया भिंत वाचते आहे, म्हणून ती बाहेर आली. नातीने तिला हाक मारली, "इमो!" इमो म्हणजे मावशी, आईची बहीण. तिथे खानावळीतल्या बाईला मावशी म्हणतात. आपल्यासारखंच की! मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू. मग नातीने पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "गोगी प्पेगो जुसेयो", मांस वगळून द्या. मावशींनी भात दिला, त्यावर गाजर, पालक, मोड आलेल्या कडधान्याच्या भाज्या आणि अंडं. अंडं मला चालतं. सूप मासळीचं असतं ते बाजूला ठेवलं. किमचीतही बहुधा मासळीचं काहीतरी असतंच, हे शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवावं. पण निघताना त्या मावशींनी माझा हात धरला आणि भिंतीवरच्या एका शब्दाकडे बोट दाखवलं. म्हणजे हा वाचा. मी वाचला. 'दु-बु.' टोफू. त्यांनी टाळ्या वाजवल्या. बत्तीस वर्षं मी दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवायला लावल्या, मला कोणी वाजवल्याचं आठवत नाही.

फोनने शब्दाचा अर्थ कळला असता. टाळ्या नसत्या मिळाल्या, एवढंच माझं म्हणणं.

राजवाडे पाहिले. ग्योंगबोकगुंग हा मुख्य. हानबोक, म्हणजे त्यांचा पारंपरिक पोशाख, घालून गेलं की तिथे प्रवेश फुकट, त्यामुळे आवाराबाहेर भाड्याने कपडे देणारी दुकानंच दुकानं. नात नटली, मी साडीतच गेले. राजवाडा १३९५ चा म्हणतात, पण १५९२ च्या जपानी स्वारीत जळला, एकोणिसाव्या शतकात पुन्हा बांधला, मग जपानी राजवटीत पुष्कळसा पाडला आणि त्याच्या पुढ्यातच त्यांनी आपलं सरकारी मुख्यालय ठोकलं. ते मुख्यालय कोरियाने १९९५-९६ मध्ये पाडून टाकलं. म्हणजे आपण बघतो त्यातलं बरंचसं अलीकडे पुन्हा उभं केलेलं आहे. त्याबद्दल तक्रार नाही. पण दाराशी एक गोष्ट आहे ती अक्षरं येणाऱ्यालाच दिसते. बाहेरच्या चौकात सेजोंग राजाचा सोनेरी पुतळा बसलेला आहे, हातात अक्षरांचं पुस्तक. आणि त्याच्या पाठीमागे राजवाड्याचं महाद्वार, ग्वांगह्वामुन, त्याच्यावरची पाटी चिनी अक्षरांत! आम्ही गेलो त्याआधी महिनाभरच, ऑक्टोबर २०२३ मध्ये, ही नवी पाटी लावली होती. काळ्यावर सोनेरी, एकोणिसाव्या शतकात होती तशी. १९६८ साली हे दार काँक्रीटचं बांधलं होतं तेव्हा पाटी हंगुलमध्ये होती, ती पार्क चुंग-ही या लष्करशहाच्या हस्ताक्षरातली. मूळ रूप म्हणून चिनी ठेवायची की राजाचा मान म्हणून हंगुल, हा वाद तिथे जुनाच आहे. मला विचाराल तर पाटी आहे ती राहू द्यावी. पुतळ्याने मागे वळून बघितलं तर त्याला कळेल की छ्वे मान-री अजून आहे, आणि ते कळलेलं बरं.

पर्यटक मात्र पुतळ्याबरोबर फोटो काढतात, दारासमोर फोटो काढतात आणि दोन्ही फोटोंत अक्षरं असतात हे कोणाच्या गावीही नसतं.

बुकचोनचं तेच. दोन राजवाड्यांच्या मधली ही उतरणीवरची वस्ती, कौलारू घरांची. प्रत्येक सहलीत असते. लोक समजतात, पाचशे वर्षांची घरं. त्यातली पुष्कळशी १९३० च्या दशकातली आहेत. जोंग से-ग्वोन नावाच्या बांधकाम व्यावसायिकाने मोठ्या जुन्या वाड्यांच्या जागा घेऊन त्यांचे लहान तुकडे पाडले आणि मध्यमवर्गाला परवडतील अशी घरं बांधून विकली. जपानी पद्धतीची नव्हे, कोरियन पद्धतीची. बिल्डरबद्दल चांगलं लिहायची वेळ माझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं. या माणसाने १९३५ मध्ये याच भागातली एक दुमजली इमारत कोरियन भाषा मंडळाला देऊन टाकली, शब्दकोशाचं काम करायला.

त्या शब्दकोशाची गोष्ट मला सोलमध्ये पाहिलेल्या कुठल्याही इमारतीपेक्षा मोठी वाटते. १९३८ पासून जपान्यांनी शाळांतली कोरियन भाषा मागे ढकलत नेली, मग बंदच पाडली. १९४२ मध्ये, असं सांगतात, की एका शाळकरी मुलीच्या रोजनिशीतल्या एका नोंदीवरून पोलिसांनी तिच्या शिक्षकाचा माग काढला. तो शिक्षक शब्दकोशाच्या कामात होता. मग धरपकड सुरू झाली. दोन अभ्यासक तुरुंगात मेले. जोंग से-ग्वोनलाही छळाला तोंड द्यावं लागलं. आणि शब्दकोशाचं हस्तलिखित, सव्वीस हजारांवर पानं, पुरावा म्हणून जप्त झालं आणि नाहीसं झालं. जपानची शरणागती झाली ऑगस्ट १९४५ मध्ये. आठ सप्टेंबरला ते गठ्ठे सोल स्टेशनच्या मालाच्या गोदामात सापडले. पहिला खंड १९४७ मध्ये निघाला, सहावा आणि शेवटचा १९५७ मध्ये.

मी नातीला म्हटलं, आपण तिथे जाऊ. जुनं स्टेशन अजून आहे, लाल विटांचं, घुमटाचं, १९२५ सालचं. आता तिथे प्रदर्शनं भरतात. शेजारच्या नव्या काचेच्या स्टेशनातून बुसानच्या वेगवान गाड्या सुटतात आणि लोक बॅगा ओढत धावत असतात. गोदाम काही आम्हाला बघायला मिळालं नाही. आम्ही दोघी नुसत्या उभ्या राहिलो. नातीने विचारलं, "आजी, कागद जप्त करून भाषा कशी बंद होईल?" मी म्हटलं, होते. कागद जप्त न करताही होते.

ती गप्प झाली. मग म्हणाली, "तुला आठवतं, मी तुला बर्थडेला लेटर लिहिलं होतं?"

तिने सगळं सांगितलं. लाल पेनासकट. लेक खाली बघत होती. मी काय बोलणार? मी म्हटलं, चुकले. थंडी भयंकर होती म्हणून आम्ही लगेच आत जाऊन कॉफी घेतली. 'खॉ-पी' म्हणून पाटीवर लिहिलेलं असतं. 'फ'ला त्यांच्याकडे इलाज नाही. तिथे आमचा करार झाला. मी रोज तिला कोरियन पाट्या वाचून दाखवणार, ती मला रोज मराठीचं एक पान वाचून दाखवणार, आणि मी मध्ये बोलायचं नाही. बोललं की दंड, हजार वॉन. त्या प्रवासात मी सहा हजार वॉन दिले.

बुकचोनबद्दल एक राहिलं. तिथे लोक राहतात हो! सहा हजारांच्या आसपास रहिवासी आणि वर्षाला साठ लाखांच्या घरात पर्यटक. आम्ही गेलो तेव्हाही 'हळू बोला' अशा पाट्या होत्या. माझ्या समोर एका बाईंनी अर्ध्या उघड्या दारातून हात घालून आतल्या अंगणाचा फोटो काढला. पुढे नोव्हेंबर २०२४ पासून तिथल्या सर्वांत गर्दीच्या भागात पर्यटकांनी सकाळी दहा ते संध्याकाळी पाच एवढ्याच वेळात यायचं असा नियम झाला, आणि मार्च २०२५ पासून मोडणाऱ्याला एक लाख वॉनचा दंड. मला हे पटलं. आमच्या कंपूतल्या एकांना पटलं नाही. म्हणाले, एवढे पैसे खर्चून जायचं आणि वर वेळा पाळायच्या? पाळायच्या. दुसऱ्याच्या गल्लीत दिवेलागणीला उगाच उभं राहू नये, हे आपल्याला आईने शिकवलेलं असतं.

हंगुलचं स्वतंत्र राष्ट्रीय संग्रहालयही तिथे आहे, २०१४ साली उघडलेलं, ते आम्हाला बघायला मिळालं. २०२५ च्या फेब्रुवारीत, दुरुस्तीसाठी बंद असताना, त्याला आग लागल्याची बातमी वाचली आणि जीव चरकला. निघणाऱ्यांनी आधी चौकशी करून जावं.

शेवटच्या दिवशी इन्सादोंगला गेलो. जुन्या वस्तू, कागद, कुंचले यांचा हा रस्ता. इथे जगभरच्या मोठमोठ्या कंपन्यांच्या नावांच्या पाट्याही हंगुलमध्ये आहेत, त्या वाचायची वेगळीच मौज. एका दुकानात दगडी शिक्के कोरून देतात. नातीने माझ्यासाठी शिक्का करायला सांगितला, 'आजी' म्हणून. लिहून दिलं. कोरणाऱ्या गृहस्थांनी कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि खुदकन हसले. कुत्र्याच्या पिल्लाला ते 'कांगआजी' म्हणतात, वासराला 'सोंगआजी', शिंगराला 'मांगआजी'. नुसतं 'आजी' म्हणजे कोणाचं तरी पिल्लू! नातीने खुलासा केला, 'हाल्मोनी', आजी, आमच्या भाषेत. त्यांनी मान तुकवली आणि अगदी मन लावून कोरलं. तो शिक्का माझ्या टेबलावर आहे.

पंचवीस नोव्हेंबरला मुंबईत उतरलो. सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या दुकानदारांना मराठी पाट्या लावायला दिलेली दोन महिन्यांची मुदत नेमकी त्याच दिवशी संपत होती. टॅक्सीतून येताना नात सवयीने पाट्या मोठ्याने वाचत होती, सोलमध्ये वाचायची त्याच सुरात, तुटक तुटक. 'वि-द्यु-त सा-हि-त्य.' 'द्यु' चुकीचा होता. मी खिडकीबाहेर बघत बसले.

करार अजून चालू आहे. ती आता कॉलेजात जायच्या वयाची झाली, रोज जमत नाही, आठवड्यातून दोन-तीनदा पान होतं. 'ज्ञ'ला अजून थांबते. गेल्या महिन्यात तिने तिच्या आजोबांची जुनी खर्चाची वही काढली आणि स्वतःहून वाचायला घेतली. त्यांचं अक्षर मलाही लागायचं नाही.

आणि कंपूचं म्हणाल तर सहापैकी चौघांनी कागद घडी घालून पाकिटात ठेवला आहे, तो तिथेच राहील. पण काल संध्याकाळी एकांचा फोन आला. तेच, पहिलीत बसवता का म्हणणारे. मॉलमध्ये किराणा घ्यायला गेले होते, तिथे कोरियन शेवयांच्या पाकिटावर ती अक्षरं दिसली.

"बाई, 'रा' आहे आणि पुढे 'म्योन' आहे. बरोबर का?"

बरोबर, म्हटलं.

"अहो, पण याचा अर्थ काय?"

शेवयाच, म्हटलं.

"हात्तिच्या," म्हणाले, आणि मग जरा वेळाने, "थांबा, खाली अजून एक ओळ आहे."